बिनपट्टीचा अ‍ॅम्प

"पालथा करा," आई म्हणाल्या.

पुंजाराम शेठने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हातारीला जरा आवरा, असा त्याचा चेहरा. मी कशाला आवरते? आठवड्यातली माझी एक हक्काची सुटी, आणि मी नाशकात अंबडच्या भंगाराच्या दुकानात सासूबाईंच्या मागे मोबाइलची बॅटरी धरून उभी होते. आता काय होतंय ते पूर्ण बघूनच जाणार होते.

"आजी, पुढून बघा ना. ही पट्टी बघा. वरिजनल रंगनाथ हाय," शेठ म्हणाला.

"पट्टी दिसली मला. पालथा करा."

त्याने कुरकुरत ते अ‍ॅम्पचं लाकडी खोकं उलटं केलं आणि मागची फळी काढली. आत धूळ, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह आणि मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर. आई वाकल्या. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या तारा दोऱ्याने जिथे बांधल्या होत्या तिथे त्यांनी बोट लावलं आणि लगेच सरळ झाल्या.

"हा नाय."

"नाय कसा? नाव हाय की त्याच्यावर!"

"नावाची पट्टी खरी हाय. खोकं दुसऱ्याचं हाय."

शेठला लाज वगैरे काही वाटली नाही. "मग नुसती पट्टी घेऊन जा," म्हणत त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. डब्यात पितळी पट्ट्या होत्या, बऱ्याच. प्रत्येकीवर एकच मजकूर कोरलेला: रंगनाथ, नाशिक. "मोडक्या खोक्यांच्या काढून ठेवल्यात. हल्ली लोकं पट्टीच मागत्यात. खोकं कुठलं बी चालतंय."

आईंनी डब्यात डोकावून पाहिलं. हात मात्र लावला नाही. "चल गं," म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

रंगनाथ म्हणजे माझे सासरे, रंगनाथ खैरनार. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. मेन रोडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नाशकात ऑर्केस्ट्रांची चलती होती त्या काळात ते गिटारवाल्यांसाठी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. परदेशी अ‍ॅम्प कोणाला परवडणार? हे स्वस्तात आणि दणकट बनवून द्यायचे. पुढे ऑर्केस्ट्रा संपले, व्हॉल्व्ह संपले, दुकानात मोबाइलची कव्हरं आली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्या अ‍ॅम्पचा एक खिळासुद्धा उरला नव्हता.

मग दीड वर्षापूर्वी गौरांग नावाचा एक माणूस उगवला. गंगापूर रोडला राहतो, धंद्याने आर्किटेक्ट, छंदाने वेडा. नामांकित डिझायनरांचे जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प जगभरातून विकत आणतो आणि वातानुकूलित खोलीत ठेवतो. माणसं घामाने निथळत असली तरी चालतील, अ‍ॅम्पला उकडायला नको. त्याच्या हाती कुठून तरी एक 'रंगनाथ' लागला आणि त्याने इंटरनेटवर लांबलचक लेख लिहिला, की आपल्या नाशकात असा एक डिझायनर होऊन गेला आणि आपल्याला पत्ताच नाही. झालं. बेंगळुरूहून, कोलकात्याहून फोन सुरू झाले. द्राक्षांच्या मळ्यात गाण्याचे जलसे भरवणारी पोरं 'रंगनाथ' शोधायला लागली. मागणी वाढली तसे खोटे रंगनाथही वाढले.

माझा नवरा महेश तर हवेतच गेला. आयुष्यभर वडिलांना सोल्डरिंगच्या धुरात बघितलेलं, आणि आता लोक त्यांना 'मास्टर' म्हणत होते. गौरांगने त्यांच्या नावाने सभागृहात एक कार्यक्रम ठरवला. सगळ्यांना तिथे एक अस्सल अ‍ॅम्प हवा होता, घरच्यांच्या मालकीचा, चकचकीत पट्टीवाला, हार घालण्याजोगा. गौरांग त्याचा द्यायला तयार होता, पण महेशचा स्वाभिमान आडवा आला. "बाबांच्या कार्यक्रमाला बाबांचा अ‍ॅम्प उसना आणायचा? विकत घेऊ. जुना तर जुना," तो म्हणाला.

खरा कुठला, खोटा कुठला, हे ओळखणारं घरात एकच माणूस. म्हणून मग आई, मी आणि आमची अल्टो, असा तिघींचा शोध सुरू झाला.

गंमत अशी, की ज्या अ‍ॅम्पचं नावच रंगनाथ, तो आई शोधत होत्या आणि त्यांच्या तोंडून ते नाव काही बाहेर पडत नव्हतं. दुकानदाराला विचारायच्या, "तो हाय का? आमच्यातला?" तो बिचारा गोंधळायचा. मग मी मागून म्हणायचे, "रंगनाथ, रंगनाथ आहे का?" नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्या निदान उखाण्यात घेतात. आईंनी हळदीकुंकवातही कधी घेतलं नाही. बायका मागे लागल्या की त्या हसत उठायच्या आणि चहा टाकायला जायच्या. सासरे आजारी असताना दवाखान्यातल्या खिडकीवर 'पेशंटचं नाव?' विचारलं की म्हणायच्या, "वेदिका, सांग गं." मी मनात म्हणायचे, केवढा हा जुना काळ. आमची पिढी बघा, मी महेशला त्याच्या आईसमोर 'ए गाढवा' म्हणते.

शेठकडून निघाल्यावर मी गाडी पाथर्डी फाट्याकडे वळवली. देवळाली कॅम्पातला यादव नावाचा एक दुकानदार बाकी होता. जुनी वाद्यं विकतो, त्याच्याकडे एक आहे असं कळलं होतं.

"आई, तुम्ही आत काय बघता नेमकं?" मी विचारलं.

"गाठ."

"कसली?"

"गजऱ्याची. माझी."

मला माहीत होतं, की सासरे दुकानात बसायचे तेव्हा आई घरी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायच्या. महेशने सांगितलं होतं, 'आई हातभार लावायची' अशा शब्दांत. हातभार म्हटलं की मला पापड लाटणं, शेंगा निवडणं असलंच काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. वडनेरच्या रस्त्याला लागल्यावर आई स्वतःहून बोलायला लागल्या.

"मुंबईहून तयार ट्रान्सफॉर्मर आणायचा तर महाग पडायचा. मग ह्यांनी माझ्या शिलाईच्या यंत्राला दांडा बसवून दिला. स्वयंपाक आटपला की मी बसायची. बारीक तार आधी, मग जाड तार, मधी मधी कागद. झालं की गरम मेणात बुडवायचं. शेवटी तारांची टोकं बांधायची. साध्या गाठीनं बारीक तार कापते. म्हणून मी गजऱ्याची गाठ मारायची. फूल नाय का, चुरगळत नाय पण सुटत बी नाय."

"सगळ्यांमध्ये तुमचीच गाठ?"

"माझ्याशिवाय कोण करणार होतं? आणि एकदा तर चुकलंच. बारीक तार अर्धी झाली आणि महेश पाळण्यात किंचाळायला लागला. उठले, त्याला घेतलं, पाजलं. परत येऊन बसले ती जाड तारच धरली. ती पुरी झाल्यावर ध्यानात आलं, की बारीक अजून अर्धी राहिलीय. आता तार कोण उकलणार? उरलेली वरनं गुंडाळून टाकली, म्हटलं बघू. हे लय ओरडले. तांबं वाया घालवलं म्हणून. तरी जोडून बघितलं त्यांनी दुकानात. संध्याकाळी घरी आले ते दारातूनच म्हणाले, आता सगळे असेच गुंडाळायचे."

मी गाडीचा वेग कमी केला. गौरांगच्या लेखात एक मोठा परिच्छेद होता. रंगनाथांनी तारेचे थर एकात एक गुंफण्याची पद्धत वापरली, त्यामुळे वरचे सूर काचेसारखे स्वच्छ येतात, हीच त्यांची प्रतिभा, वगैरे. महेशने त्याची प्रिंट काढून फ्रेम केली होती. ती फ्रेम आमच्या टीव्हीच्या वर आहे, आणि आई रोज तिच्यासमोर बसून बातम्या बघतात.

"आई, हे तुम्ही गौरांगला का नाही सांगितलं?"

"त्यानं विचारलं का?"

यादवचं दुकान कॅम्पातल्या जुन्या बाजारात आहे. बाहेर तुटक्या ट्रम्पेट टांगलेल्या, आत गिटारी, ढोल, पेट्या. यादव पन्नाशीचा, केस मागे बांधलेले, हॉटेलांमधून वर्षानुवर्षं गिटार वाजवलेला माणूस. मी 'रंगनाथ' म्हणताच त्याने कोपऱ्यातली चादर ओढली. खाली काळं रेक्झिन चढवलेलं खोकं होतं. कडा झिजलेल्या, जाळीचं कापड एका बाजूला फाटलेलं, पण पुढची पितळी पट्टी घासूनपुसून लखलखीत केलेली.

"पालथा करा," आई म्हणाल्या.

यादवने फळी काढली. मी बॅटरी धरली. आईंनी आत हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला. मी वाकून पाहिलं. तपकिरी मेण बसलेल्या तारा, त्यांच्याभोवती पिवळट दोरा, आणि दोऱ्याचे ते एकात एक अडकलेले फास. रोज सकाळी देवाला हार करताना आईंच्या बोटांतून मी तेच फास पडताना बघते.

"हा हाय," आई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

"चालू करून दाखवतो ना आजी," यादव म्हणाला. त्याने वायर लावली, बटण दाबलं, गिटार जोडली आणि लगेच तारेवर हात नेला.

"थांबा! तापू द्या की." आईंनी त्याला असं दटावलं, की तो हात वर घेऊन उभाच राहिला.

आम्ही थांबलो. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. थोड्या वेळाने खोक्यातून वास यायला लागला, धुळीचा आणि त्याच्यामागून मेणाचा. आईंनी नाक पुढे करून तो ओढून घेतला. मग म्हणाल्या, "आता वाजवा."

यादवने आधी एकच तार छेडली. मग सावकाश काहीतरी वाजवायला लागला. कुठलं गाणं नव्हतं, नुसते एकामागून एक सूर. मला संगीतातलं काही कळत नाही. आमच्या गल्लीतला बँजो आणि सभागृहातली सतार मला सारखीच. पण हा आवाज खोलीभर पसरला आणि कुठेच टोचला नाही. सूर सुटला तरी मागे काहीतरी रेंगाळत राहायचं. यादवचे डोळे मिटले होते. आई लाकडी स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उपडे, शाळेत पहिल्या दिवशी बसावं तशा.

तो थांबल्यावर त्या म्हणाल्या, "हा असा वाजतो होय?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं. "आई, तुम्ही कधी ऐकला नव्हता?"

"कुठं ऐकणार? तपासणी दुकानात व्हायची. कार्यक्रम रात्रीचे. बाईमाणूस तिथं कुठं येणार, म्हणायचे. मी घरात नुसती तार बघितलेली." त्या यादवकडे वळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं रडतील. पण त्या चिडल्या होत्या. "इतकं चांगलं वाजतं, आणि मला कुणी सांगितलं नाय! इतक्या वर्षांत एका माणसानं येऊन सांगितलं नाय!"

यादवने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग वातावरण जरा निवल्यावर किंमत सांगितली. ती ऐकून मला पाणी लागलं.

"मॅडम, ये मैं नहीं, मार्केट बोलता है," तो म्हणाला. "परवाच एका पार्टीचा बेंगळुरूहून फोन होता. ह्या पट्टीमुळे रेट आहे. अर्धे पैसे तर समजा पट्टीचेच आहेत."

"आणि पट्टी नसती तर?" आईंनी विचारलं.

"मग काय, जुना अ‍ॅम्प. अर्ध्यात गेला असता."

"पेचकस द्या."

"जी?"

"स्क्रू ड्रायव्हर द्या तुमचा. पट्टी काढते. मला बिनपट्टीचा द्या."

यादव हसला. त्याला वाटलं घासाघीस चालली आहे. "आजी, मजाक नका करू. पट्टी काढली तर ह्याची किंमतच जाईल."

"तुमची जाईल. माझी कशी जाईल? मला आवाज पायजे. नाव तुम्ही ठेवून घ्या, कुठंबी लावा. अंबडला डबाभर पडलेत, त्यात अजून एक."

तेवढ्यात माझा फोन वाजला. महेश. सकाळपासून त्याचा तिसरा फोन, आणि मला माहीत होतं तो काय विचारणार: पट्टी नीट आहे ना, अक्षरं पुसली नाहीत ना. मी आईंकडे पाहिलं. त्या हात पुढे करून उभ्या होत्या, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात पडल्याशिवाय तो हात मागे जाणार नव्हता. मी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"द्या हो त्यांना," मी यादवला म्हणाले. "ह्या काही मजाक करत नाहीत."

दोनच स्क्रू होते. एक सहज निघाला. दुसरा गंजलेला होता, त्याला आईंनी जोर लावला तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर दिसली. यादव 'मी करतो' म्हणाला, त्यांनी करू दिलं नाही. पट्टी निघाली. खालचं रेक्झिन तेवढ्याच आकारात काळंभोर, नवंकोरं राहिलं होतं, आणि दोन टोकांना दोन भोकं. आईंनी पट्टी काउंटरवर ठेवली. ठेवताना अक्षरांवरून अंगठा एकदा फिरवला, हे मी पाहिलं. मग पिशवीतून स्वतःचे, पोस्टातून काढून आणलेले पैसे बाहेर काढले. महेशने दिलेलं पाकीट त्यांनी तसंच माझ्या हातात ठेवलं. "हे त्याला परत दे. ही माझी खरेदी हाय."

अ‍ॅम्प आम्ही मागच्या सीटवर ठेवला. आईंनी त्याला सीटबेल्ट लावला.

कॅम्प मागे पडला. मला राहवलं नाही. "आई, महेशला काय सांगू?"

"मी सांगते."

"पण का काढली? बाबांचं नाव होतं ते."

"म्हणूनच." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या चुकलेल्या ट्रान्सफॉर्मरनंतर गिऱ्हाइकं वाढली. हे म्हणाले, आता आपण पट्टी करू, पितळेची. दोघांची नावं घालू. रंगनाथ आणि कुसुम. मी काय मागितलं नव्हतं बरं का, तेच म्हणाले. मला तर झोप लागली नाय. बाईचं नाव पितळेवर! मग गेले रविवार कारंजाच्या बाजारात, कोरून आणल्या. बघते तर एकच नाव. विचारलं, तर म्हणाले, जागा पुरली नाय."

"जागा पुरली नाही?"

"'नाशिक'ला पुरली. मला पुरली नाय." आई हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "खरं काय ते मला कळलं होतं. कुणीतरी चिडवलं असणार, बायकोचं नाव मशिनीवर घालतो का म्हणून. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाय, कधी उपाशी ठेवलं नाय. पण त्या दिवशी घाबरला, आणि मग रोजच घाबरत राहिला. मी म्हटलं, बरं. तुझ्या पट्टीवर माझं नाव नाय, तर माझ्या तोंडात तुझं नाव नाय."

मी गाडी बाजूला घेतली. खरंच घेतली, कारण मला पुढचं दिसेना.

"म्हणजे तुम्ही लाजून..."

"लाजते कशाला? त्याच्याआधी मी त्यांना नावानं हाक मारायची. रंगा म्हणायची. घरात, दोघंच असलो की. सासूला कळलं असतं तर घरातनं काढली असती. त्या दिवसापास्नं बंद. ते लय मागं लागायचे. एकदा म्हण ना, एकदा हाक मार ना. लोकांना वाटायचं, किती मर्यादशील बाई! हळदीकुंकवाला बायका माझं कौतुक करायच्या. मला आतून हसू यायचं."

मला एकदम दवाखाना आठवला. ती खिडकी. 'वेदिका, सांग गं.' "आणि शेवटी?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"शेवटी बी म्हणाले. नाकाला नळी लावलेली. म्हणाले, आता तरी हाक मार. मी म्हटलं, आधी पट्टी बदल." आईंनी पदराने नाक पुसलं. "हसले. नळी होती तरी हसले. डोळ्यांतनं पाणी आलं त्यांच्या, हसून. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मला वाईट वाटतं, वेदिका. रोज वाटतं. पण हाक मारली नाय ह्याचं नाय वाटत. पट्टी बदलली नाय त्याचं वाटतं."

घरी पोहोचलो तेव्हा महेश खाली पार्किंगमध्येच उभा होता. त्याने धावत येऊन मागचं दार उघडलं, अ‍ॅम्पवरून हात फिरवला, आणि हात त्या काळ्या चौकोनावर थांबला.

"आई, पट्टी कुठाय?"

"दुकानात ठेवली."

"ठेवली म्हणजे?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी डिकीत स्वतःची पर्स शोधायला लागले. "अगं, कार्यक्रम आहे परवा! लोक काय बघणार? नाव नाही, काही नाही, कोणाचा आहे हे कळणार कसं?"

"वर घे आधी. जड हाय. मग सांगते कोणाचा."

वर काय बोलणं झालं ते मी सगळं ऐकलं नाही. स्वयंपाकघरात होते, आणि मुद्दाम कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. मायलेकांच्या मध्ये सुनेने उभं राहू नये. एकदा महेशचा आवाज चढलेला ऐकला, "बाबांचा अपमान आहे हा!" आणि आईंचा, अजिबात न चढलेला, "आणि माझा काय झाला होता, मान?" नंतर आई म्हणताना ऐकलं, "तू रडलास म्हणून झालं ते. नाय तर तार बरोबर गुंडाळली असती, आणि कुत्रं विचारत नव्हतं तुमच्या अ‍ॅम्पला."

महेश जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीच्या वरची फ्रेम खाली होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. तो कामावर गेला.

संध्याकाळी आला तो हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आईंच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि रुमाल सोडला. पितळी पट्टी. अंबडला एका कारखान्यात मशिनवर कोरून आणलेली, तितकीच लांब, तितकीच रुंद, दोन टोकांना दोन भोकं बरोबर मापात. त्यावर सुबक अक्षरांत: कुसुम - रंगनाथ, नाशिक.

"जागा पुरली," महेश म्हणाला. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. आता स्क्रू लावायचे, उद्या हार घालायचा.

आईंनी पट्टी हातात घेतली. उजेडाकडे धरली. अक्षरांवरून बोट फिरवलं, 'कुसुम'वरून दोनदा. पदराने पुसली. "छान केलीस रे," म्हणाल्या. "लय छान केलीस." आणि रुमालात परत गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"लावू ना?"

"नको."

"आई, आता काय? तुझं नाव पहिलं घातलंय!"

"दिसलं मला. हे तू केलंस, तुझं प्रेम हाय. ते मी ठेवीन कपाटात. पण तिथं नको." त्यांनी अ‍ॅम्पकडे बोट केलं. "तिथं हे लावलं, की लोकं म्हणतील, वा, पहिल्यापास्नं दोघांचं नाव होतं. मग माझी चाळीस वर्षं कुठं गेली? भोकं राहू दे. उद्या कुणीतरी विचारीलच, इथं काय होतं म्हणून. तेव्हा तू सांग. स्टेजवर, माइकवर सांग. सांगशील ना?"

महेशने मान हलवली. होकार होता, पण सोपा नव्हता, आणि मला त्या क्षणी माझा नवरा फार आवडला.

तो गौरांगला फोन करायला गॅलरीत गेला. मी चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आले तर बाहेरच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. आईंनी अ‍ॅम्प सुरू केला होता. गिटार नव्हती, काही नव्हतं, नुसतीच बारीक गुणगुण येत होती आणि मेणाचा वास. आत व्हॉल्व्ह तापले होते, आणि पुढच्या बाजूने, जिथे पट्टी होती तिथल्या दोन भोकांतून केशरी उजेड बाहेर येत होता. आई खाली बसून त्याकडे बघत होत्या.

"रंगा," त्या म्हणाल्या. चहाला बोलवावं इतक्या सहज. "ऐक."

मी कप हातात घेऊन दारातच उभी राहिले. चहा गार झाला, मग मी पुन्हा नवा केला.